गेन कमी केला तरी हेलकावे का वाढतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १० किलोलिटरचा ग्लास-लाइन्ड (आतून काचेचा थर दिलेला) रिॲक्टर आहे, त्याच्याभोवती पाणी किंवा वाफ सोडायचं जॅकेट आहे. अभिक्रिया उष्मादायी, एक घटक आधी भरलेला, दुसरा डोझिंग पंपाने हळूहळू सोडता. आतलं तापमान ८० अंश सेल्सिअसला धरायचं असतं आणि तेव्हा जॅकेट साधारण ५५ अंशांवर असतं. कास्केड (मास्टर कंट्रोलर आतलं तापमान पाहून जॅकेटचं तापमान ठरवतो, स्लेव्ह कंट्रोलर ते साधतो) ऑटोवर टाकला की आतलं तापमान चार-चार अंश वर-खाली होतं. मास्टर कंट्रोलरचा गेन (मोजलेलं मूल्य हव्या त्या मूल्यापासून ढळलं की कंट्रोलर किती जोराने हलतो तो आकडा) ४ वरून १ वर आणलात तेव्हा हेलकावे संथ झाले, पण आणखी मोठे झाले. ऑपरेटर मात्र मॅन्युअलवर बॅच नीट काढतात. शिवाय पुढच्या डिस्टिलेशन कॉलमच्या फीड टाकीची लेव्हल आधी दर ७० मिनिटांनी वर-खाली व्हायची; तिथला गेन ०.५ वरून ०.२५ केलात तर आता दर १०० मिनिटांनी होते आणि जास्त होते. तिथला इंटिग्रल टाइम (उरलेला फरक साठवत दुरुस्ती करणाऱ्या भागाचा काळ; जितका मोठा तितका तो भाग सौम्य) २ मिनिटं आहे. पीआयडीचे (प्रपोर्शनल म्हणजे गेन, इंटिग्रल आणि बदलाचा वेग पाहणारा डेरिव्हेटिव्ह यांचे) योग्य आकडे कोणते, असं तुम्ही विचारलंय.

आकड्यांकडे येतोच, पण आधी एक समजूत बाजूला ठेवावी लागेल. लूप (मोजमाप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांचं वर्तुळ) हंटिंग करतोय, म्हणजे हेलकावतोय, तर गेन कमी करा, कमी गेन म्हणजे सुरक्षित, हे आपल्याकडे शिफ्टमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगितलं जातं. तुमच्या दोन्ही लूपना ते लागू नाही. दोन्हींना गेनची वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे, आणि तुम्ही खालची ओलांडली आहे.

ही समजूत आली कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीतल्या जॉन झीग्लर आणि नॅथॅनियल निकोल्स यांनी १९४२ मध्ये आपली पद्धत मांडली. इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह बंद करा, हेलकावे न वाढता न मावळता चालू राहतील इतका गेन वाढवा, तो गेन आणि त्या हेलकाव्याचा काळ नोंदवा; मग पीआय (डेरिव्हेटिव्ह नसलेल्या) कंट्रोलरसाठी त्या गेनच्या ०.४५ पट आणि काळाला १.२ ने भागून येईल तितका इंटिग्रल टाइम घ्या. फ्लो, प्रेशर, हीट एक्स्चेंजरचं आउटलेट तापमान अशा प्रक्रिया व्हॉल्व्ह स्थिर ठेवला की आपोआप एका जागी स्थिरावतात. तिथे गेन शून्य केला तरी काही बिघडत नाही, मर्यादा फक्त वरच्या बाजूला असते. शिकताना बहुतेकांच्या हाताखालून हेच लूप जातात, म्हणून तेवढाच नियम लक्षात राहतो.

आता तुमचा रिॲक्टर. अभिक्रियेतून निघणारी उष्णता तापमानाबरोबर वेगाने वाढते, तर जॅकेट ओढून नेतं ती उष्णता सरळ रेषेत वाढते. १९५३ मध्ये डच संशोधक व्हान हीर्डन यांनी या दोन रेषा एकाच आलेखावर काढून दाखवलं की त्या जिथे छेदतात ती प्रत्येक जागा स्थिर नसते. उष्णता नेणारी रेषा जास्त चढी असेल तरच ती जागा टिकते. पुढे मिनेसोटा विद्यापीठात नील अमंडसन यांनी सहकाऱ्यांबरोबर या विचाराला गणिताची नीट बैठक दिली आणि १९५८ मध्ये रदरफोर्ड एरिस यांच्यासोबत कंट्रोलर जोडलेल्या रिॲक्टरचंही विश्लेषण केलं. तुम्हाला तेवढं गणित लागणार नाही, एक भागाकार पुरेल.

सक्रियण ऊर्जा (ती जितकी जास्त तितका अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो) १०० किलोजूल प्रति मोल धरू. ८० अंशांना, म्हणजे ३५३ केल्व्हिनला, वायू-स्थिरांक गुणिले तापमानाचा वर्ग भागिले सक्रियण ऊर्जा याचं उत्तर सुमारे १०.४ अंश येतं. याचा अर्थ, तापमान १ अंशाने वाढलं की अभिक्रियेचा वेग, आणि म्हणून उष्णता, सुमारे ९.६ टक्क्यांनी वाढते. जॅकेट ५५ वर स्थिर ठेवलं तर आत-बाहेरचा फरक २५ अंशांचा २६ होतो. म्हणजे बाहेर जाणारी उष्णता वाढते फक्त ४ टक्क्यांनी. निघते ९.६ टक्के जास्त, जाते ४ टक्के जास्त. हा रिॲक्टर जॅकेट स्थिर ठेवून ८० वर थांबणारच नाही. आत-बाहेरचा फरक १०.४ अंशांपेक्षा कमी असता तरच थांबला असता.

प्रयोगशाळेत हे कधी दिसलं नसणार. १ लिटरच्या फ्लास्कपासून १० किलोलिटरपर्यंत जाताना आकारमान १०,००० पट होतं, पृष्ठभाग मात्र सुमारे ४६४ पट. दर लिटरमागे उष्णता नेणारा पृष्ठभाग साडेएकवीस पट कमी झाला. फ्लास्कमध्ये तीच उष्णता बाहेर काढायला सव्वा अंशाचा फरक पुरत होता, म्हणून तिथे अभिक्रिया अगदी शांत वाटली. आर अँड डी विभाग 'आमच्याकडे काही त्रास नव्हता' म्हणतो ते खरंच असतं. पृष्ठभागच बदललेला असतो.

कंट्रोलरचं काम इथे तळहातावर काठी उभी तोलण्यासारखं आहे. हात पुरेसा आणि वेळेवर हलला नाही तर काठी पडते. हात संथ केल्याने ती जास्त सुरक्षित होत नाही. किती हलायला हवा, तेही वरच्याच आकड्यांतून निघतं. ९.६ ला ४ ने भागलं तर २.४१. त्यातला १ रिॲक्टर स्वतः सांभाळतो. उरलेला १.४१ कंट्रोलरने द्यायचा: आतलं तापमान १ अंश वाढलं की जॅकेट किमान १.४१ अंशांनी खाली आलं पाहिजे. त्याहून कमी गेनवर कोणताही इंटिग्रल टाइम ठेवा, हेलकावे वाढतच जातात. दोन्ही ट्रान्समीटरची रेंज सारखी असेल तर कंट्रोलरवरचा आकडा आणि हा आकडा एकच, आणि तुम्ही १ ठेवलात. रेंज वेगळी असेल तर गुणाकार करून पाहा: आतला ट्रान्समीटर ० ते १०० आणि जॅकेटचा उणे २० ते १८० असेल, तर कंट्रोलरवरचा १ म्हणजे प्रत्यक्षात अंशाला २ अंश. ट्रान्समीटर बदलताना रेंज बदलली आणि जुनाच गेन ठेवला, असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. तेव्हा आधी हे तपासा.

मग ४ वर का हेलकावत होतं? कारण वरची मर्यादा फार जवळ आली होती. रिॲक्टरमधल्या मालाची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता आणि जॅकेटची नेण्याची क्षमता यांचा भागाकार तुमच्या आकाराच्या ग्लास-लाइन्ड रिॲक्टरला ५० मिनिटांच्या आसपास येईल असं मी धरतो. त्या हिशोबाने जॅकेट स्थिर ठेवलं तर सेट पॉइंटपासूनचा (ठरवलेल्या तापमानापासूनचा) फरक दर २५ मिनिटांनी दुप्पट होतो. जॅकेट, भिंत, थर्मोवेल (तापमापक ज्यात बसतो ती नळी), व्हॉल्व्ह या सगळ्यांचा मिळून प्रभावी विलंब १५ मिनिटं असेल, तर नुसत्या प्रपोर्शनलवर गेनची वरची मर्यादा सुमारे ४.४ येते. इंटिग्रल घातला की ती आणखी खाली सरकते. म्हणजे तुमच्याकडे १.४ ते ४ इतकीच अरुंद पट्टी होती, आणि तुम्ही तिच्या एका काठावरून थेट दुसऱ्या काठाच्या बाहेर गेलात. तोच विलंब ५ मिनिटांवर आणला तर वरची मर्यादा १५ च्या जवळ जाते आणि तुमचा मूळचा ४ चा गेन पटीच्या हिशोबाने साधारण मधोमध बसतो. गेन चुकीचा नव्हता, विलंब जास्त होता.

म्हणून माझा सगळा जोर विलंब शोधण्यावर आहे.

पहिला संशय जॅकेटमधल्या प्रवाहावर. कूलिंग वॉटर एकदाच जॅकेटमधून जाऊन बाहेर पडत असेल आणि कंट्रोल व्हॉल्व्ह त्याचा प्रवाह कमी-जास्त करत असेल, तर थंडावा कमी लागतो तेव्हा पाणी जॅकेटमध्ये रेंगाळतं. २ घनमीटरच्या जॅकेटमध्ये ताशी ४० घनमीटर पाणी असेल तर ते ३ मिनिटांत बदलतं. ताशी ८ घनमीटर असेल तर १५ मिनिटं लागतात. आणि हे घडतं नेमकं एक्झोथर्म (अभिक्रियेतून उष्णता निघणं) सुरू होण्याआधी, व्हॉल्व्ह जवळजवळ बंद असतो तेव्हा. म्हणजे लूप चपळ हवा असतो तेव्हाच तो सर्वांत सुस्त असतो. यावर खरा उपाय म्हणजे जॅकेटला स्वतःचा सर्क्युलेशन पंप द्यायचा, जॅकेटमधला प्रवाह कायम भरपूर ठेवायचा आणि त्या फिरत्या पाण्यात थंड पाणी सोडून तापमान बदलायचं. स्लेव्ह कंट्रोलर जॅकेटच्या इनलेट तापमानावर घ्या. खर्च होतो, शटडाउन लागतो, पण ट्यूनिंगच्या कुठल्याही कसरतीपेक्षा याने जास्त फरक पडतो. स्लेव्ह लूप मास्टरपेक्षा किमान तीन ते पाच पट चपळ नसेल तर कास्केड लावून फायदा नाही, उलट तो स्वतःच हेलकावे देतो.

दुसरं, थर्मोवेल. ग्लास-लाइन्ड रिॲक्टरमध्ये आरटीडी (तापमान मोजणारा सेन्सर) बॅफलच्या (ढवळताना आडव्या येणाऱ्या पट्टीच्या) आत बसवलेला असतो आणि टोकाशी हवेची पोकळी राहते. टोकाला थर्मल पेस्ट किंवा तेल आहे का, आरटीडी तळाला टेकलाय का, हे काढून पाहायला तासभरही लागत नाही आणि मिनिटं वाचतात.

तिसरं, स्प्लिट रेंज. कंट्रोलरचं आउटपुट ५० टक्क्यांच्या वर स्टीम आणि खाली पाणी अशी मांडणी आपल्याकडे सर्रास असते. स्टीमवरून पाण्यावर येताना जॅकेट रिकामं करून भरावं लागत असेल तर त्या मधल्या मिनिटांत कंट्रोलरच्या हातात काहीच नसतं. तापमान ५० टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे घुटमळत असेल तर तुमचे हेलकावे तिथूनच येताहेत असं समजायला हरकत नाही. एक्झोथर्म सुरू झाल्याची खात्री पटली की सिक्वेन्समधून स्टीम लॉक करून टाका. डोझिंग चालू असेपर्यंत कंट्रोलरला स्टीमकडे परत जाण्याची मुभाच नको.

हीट-अपमध्ये आणखी एक गोष्ट घडते. ३० अंशांवरून ८० वर जाताना चूक (सेट पॉइंट आणि प्रत्यक्ष तापमान यांतला फरक) दीर्घ काळ मोठी राहते, आउटपुट टोकाला चिकटतं आणि इंटिग्रल आत साठत जातो. तापमान ८० ला पोहोचतं तेव्हा आधी तो साठा उतरावा लागतो, तोवर तापमान ८५ च्या पुढे गेलेलं असतं. साध्या हीटरला हे चालून जातं. इथे मात्र त्या पाच अंशांत अभिक्रियेचा वेग दीडपटीहून जास्त होतो. अँटी-रिसेट वाइंडअप (इंटिग्रलचा असा साठा होऊ न देणारी सोय) चालू आहे का, कास्केडमध्ये स्लेव्ह टोकाला अडकला की मास्टरचा इंटिग्रल थांबतो का, हे डीसीएसच्या (कारखान्याच्या संगणकीय नियंत्रण प्रणालीच्या) कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन स्वतः पाहा. सेट पॉइंट एकदम ८० न देता रॅम्पने द्या.

आता कंट्रोल व्हॉल्व्ह. तो चिकटत असेल तर वरचं सगळं गणित बाजूला राहतं. स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) चिकटलेला असताना इंटिग्रल आउटपुट हळूहळू वाढवत राहतो, मग व्हॉल्व्ह झटक्याने सुटतो, गरजेपेक्षा जास्त उघडतो, आणि तोच खेळ उलट दिशेने सुरू होतो. फ्लो लूपच्या ट्रेंडमध्ये आउटपुट करवतीच्या दात्यांसारखं आणि फ्लो चौकोनी पायऱ्यांसारखा दिसला की बहुधा हेच कारण. इथेही गेन कमी केल्याने रोग जात नाही, हेलकाव्याचा काळ तेवढा लांबतो. एका कारखान्यात अशा लूपचं ट्यूनिंग अनेक शिफ्टमध्ये बदलत राहिले होते. गळती थांबवण्यासाठी कुणीतरी ग्लँड पॅकिंग (स्टेमभोवतीचं गळतीरोधक भरण) इतकं आवळलं होतं की आउटपुट चार टक्के बदलल्याशिवाय स्टेम जागचा हलत नव्हता. पॅकिंग बदललं, पोझिशनर (व्हॉल्व्हला सांगितलेल्या जागी नेणारं उपकरण) कॅलिब्रेट केला आणि जुन्याच आकड्यांवर लूप शांत झाला. ही तपासणी सोपी आहे: मॅन्युअलवर आउटपुट एक-एक टक्क्याने वर न्या, मग एक-एक टक्क्याने खाली आणा, आणि दिशा बदलल्यावर किती टक्क्यांनंतर प्रवाह हलतो ते पाहा. १ टक्क्याच्या आत हलला तर उत्तम. व्हॉल्व्ह नेहमी ५ ते १० टक्क्यांवरच काम करत असेल तर तो मोठा घेतलाय. तिथे थोड्याशा हालचालीने प्रवाह फार बदलतो.

ही तपासणी जिवंत बॅचवर करू नका. हे मी आग्रहाने सांगतोय. बॅचमधून लूप मॅन्युअलवर टाकून 'हेलकावे थांबतात का पाहू' हा प्रयोग हीट एक्स्चेंजरवर ठीक आहे. तुमच्या रिॲक्टरवर मॅन्युअलवर टाकून हात न लावणं म्हणजे जॅकेट स्थिर, आणि जॅकेट स्थिर म्हणजे दर २५ मिनिटांनी दुप्पट होणारा फरक. झीग्लर-निकोल्सची हेलकाव्यांची चाचणीही इथे वर्ज्य. व्हॉल्व्ह, थर्मोवेल, जॅकेटचा विलंब हे सगळं रिॲक्टरमध्ये पाणी भरून मोजता येतं. पाण्याच्या बॅचवर जॅकेटला पाच अंशांची पायरी द्या आणि आतलं तापमान हलायला किती वेळ लागतो ते एका सेकंदाच्या नोंदीवर पाहा. हिस्टोरियनचा (जुन्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीचा) साठवलेला ट्रेंड वापरू नका. त्यातलं कॉम्प्रेशन नेमके लहान, उपयोगाचे बारकावे पुसून टाकतं.

ऑपरेटर मॅन्युअलवर बॅच नीट काढतात, याचं कारणही आता दिसेल. ते व्हॉल्व्ह स्थिर ठेवून बसत नाहीत. तापमान चढण्याचा वेग पाहून, ८० येण्याच्या आधीच, पाणी जोरात सोडतात आणि उतार दिसला की आखडतात. म्हणजे त्यांचा गेन मोठा आहे, डेरिव्हेटिव्ह भरपूर आहे आणि इंटिग्रल जवळजवळ नाही. तुमच्या कंट्रोलरवर नेमकं उलट आहे. त्यांच्याजवळ एक शिफ्ट बसा आणि ते कशाकडे बघून हात हलवतात ते लिहून काढा. ट्यूनिंगची चांगली सुरुवात तिथून होते.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तुमचं लक्ष हेलकाव्याच्या वरच्या टोकावर असणार, ८४ वर. माझं खालच्या टोकावर आहे, ७६ वर. तापमान खाली गेलं की अभिक्रिया मंदावते, पण डोझिंग पंप त्याच वेगाने घटक सोडत राहतो. न वापरलेला घटक आत साठतो. तापमान परत वर आलं की हा साठा एकदम पेटतो आणि पुढचा हेलकावा मोठा होतो. आकडे घेऊ: सगळा घटक एकदम अभिक्रिया पावला तर तापमान १५० अंश वाढेल अशी अभिक्रिया असेल आणि आत २० टक्के साठा असेल, तर कूलिंग गेल्यावर ८० वरून ११० पर्यंत जाल. जास्त थंड झाल्यामुळे साठा ४० टक्के झाला असेल तर १४० पर्यंत. तिथे विघटन सुरू होत असेल तर पुढचं कंट्रोलरच्या हातात राहत नाही. म्हणून डोझिंगला फक्त वरच्या तापमानाचा इंटरलॉक (मर्यादा ओलांडली की आपोआप बंद करणारी सोय) पुरत नाही, खालच्या तापमानाचाही हवा. समजा ७६ च्या खाली गेलं की डोझिंग बंद. आपल्याकडच्या अनेक बॅच प्लांटमध्ये हा खालचा इंटरलॉक नसतो, आणि असला तरी उत्पादन अडतं म्हणून बायपास केलेला असतो.

आणि याच्याही मुळाशी जायचं तर, तापमान एक अंश वाढल्यावर उष्णता वाढते याचा अर्थच आत साठा आहे. घटक पडताक्षणी संपत असता तर उष्णता डोझिंगच्या वेगावर ठरली असती, तापमानावर नाही, आणि ही अस्थिरता उरलीच नसती. तेव्हा रिॲक्शन कॅलोरिमीटरवर साठा मोजून घ्या. डोझिंग हळू करणं, ढवळणं सुधारणं, विघटनापासून अंतर राखून सेट पॉइंट थोडा वर घेणं, यांपैकी एखाद्या गोष्टीने साठा निम्मा झाला तर कंट्रोलरचं काम आपसूक सोपं होतं. हे काम इन्स्ट्रुमेंट विभागाचं एकट्याचं नाही, केमिस्टला सोबत घ्यावंच लागेल.

कूलिंगची क्षमताही बघून ठेवा. व्हॉल्व्ह १०० टक्के उघडला की लूप संपला, पुढे गेन कितीही असो, तो शून्यच. कोकणातल्या वसाहतींमध्ये मे-जूनच्या दमट हवेत कूलिंग टॉवरचं पाणी हिवाळ्यापेक्षा बरंच गरम मिळतं. तीच रेसिपी, तेच आकडे आणि हेलकावे मात्र फक्त त्या महिन्यांत, असं असेल तर आउटपुट टोकाला लागतंय का ते आधी पाहा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीजमध्ये १९ डिसेंबर २००७ रोजी झालेल्या स्फोटात चार जण गेले. तिथल्या रिॲक्टरला थंड पाण्याचा एकच मार्ग होता, पर्यायी सोय नव्हती, आणि अपघातापूर्वी बॅचचा आकार एक-तृतीयांशाने वाढवलेला होता. तुमच्याकडे बॅचचा आकार वाढवण्याची चर्चा सुरू असेल तर वरचा २५ आणि १०.४ चा हिशोब आधी नव्याने मांडा.

काही वेळा कंट्रोलरचा यात काहीच हात नसतो, हेही सांगायला हवं. जर्मनीतल्या एका अमोनिया संयंत्रात १९८९ मध्ये दाब उतरल्यावर रिॲक्टरचं तापमान जोरात वर-खाली होऊ लागलं. बाहेर पडणाऱ्या गरम वायूने आत येणारा वायू तापवायचा अशी तिथली रचना होती. त्या उष्णतेच्या फेऱ्यातूनच तो हेलकावा उठला होता. अशा ठिकाणी पीआयडी कितीही बदला, प्रीहीटचा मार्गच बदलावा लागतो.

रिॲक्टरसाठी सुरुवातीचे आकडे: विलंब ५ ते ७ मिनिटांवर आल्यावर मास्टरचा गेन ४, अंशाला अंश या मापात. इंटिग्रल टाइम मोठा, ६० मिनिटांच्या आसपास. डेरिव्हेटिव्ह २ मिनिटं, पीव्हीवर (मोजलेल्या मूल्यावर) घेतलेला, फिल्टरसह. आधी पाण्याच्या बॅचवर, मग कमी डोझिंगच्या बॅचवर, केमिस्ट शेजारी असताना.

लेव्हलचं काम त्यामानाने छोटं आहे, पण दुखणं तेच. टाकी स्वतःहून कुठेच स्थिरावत नाही. आत-बाहेरचा फरक साठवत जाते. तिच्यावर कंट्रोलरचा इंटिग्रल घातला की साठवणाऱ्या दोन गोष्टी एकामागे एक येतात आणि त्यांना आवरणारा असतो फक्त गेन. तो काढून घेतला की हेलकावे संथ आणि मोठे होतात, जे तुम्ही पाहिलंत. समजा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर टाकीची पूर्ण लेव्हल ३० मिनिटांत बदलते. अशा टाकीला गेन गुणिले इंटिग्रल टाइम हा गुणाकार किमान ३० च्या चौपट, १२० मिनिटं हवा. तुमचा होता ०.५ गुणिले २, म्हणजे १. या आकड्यांनी गणित केलं तर हेलकाव्याचा काळ ६९ मिनिटं येतो आणि गेन अर्धा केल्यावर ९७. तुमच्या नोंदींशी हे बरोबर जुळतं, म्हणून ३० मिनिटांचा अंदाज ठीक असावा.

टाकीचा आकार, व्हॉल्व्हची क्षमता काही माहीत नसेल तरी चालेल. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमचे सिगुर्ड स्कोगेस्टाड यांनी २००३ मध्ये एक सोपा नियम दिला: हेलकाव्याच्या काळाला चालू इंटिग्रल टाइमने भागा, वर्ग करा, ०.१ ने गुणा. इतक्या पटीने तो गुणाकार वाढवा. ६९ भागिले २, त्याचा वर्ग, गुणिले ०.१: सुमारे ११९. दोन्ही वाटांनी तेच उत्तर. तेव्हा गेन २ आणि इंटिग्रल टाइम ६० मिनिटं ठेवा. कॉलमला फीड शांत हवा असेल आणि लेव्हल ३० ते ७० टक्क्यांत कुठेही फिरली तरी चालत असेल, तर गेन १ आणि इंटिग्रल टाइम १२० मिनिटं त्याहून बरं. फक्त गेन कमी कराल तेव्हा इंटिग्रल टाइम त्याच पटीने वाढवा. फीड टाकीचे हेलकावे गेले की कॉलमच्या तळाचं तापमानही बरंच शांत होईल, त्या लूपला तोपर्यंत हात लावू नका.

ईटीपीतल्या (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्रातल्या) न्यूट्रलायझेशनबद्दल आपणहून सांगतो, कारण हे वाचून तिथेही कुणी गेन वाढवायला जाईल. तिथे नेमकं उलट आहे. तीव्र आम्लाचं पाणी पीएच ३ वरून ४ वर न्यायला जेवढं कॉस्टिक लागतं त्याच्या हजाराव्या हिश्श्यात ते ६ वरून ७ वर जातं. ७ च्या जवळ प्रक्रियेचा स्वतःचा गेनच प्रचंड असतो, त्यामुळे एकाच टाकीत एकाच व्हॉल्व्हने नेमका ७ धरायचा प्रयत्न केला की पीएच ४ आणि १० च्या मध्ये झोके घेतो. दोन टाक्या, पहिलीत ढोबळ आणि दुसरीत बारीक डोझिंग, दुसरीत गेन लहान, आणि सांडपाण्याच्या मानकात ५.५ ते ९ चालत असताना ७ चा हट्ट सोडून मधला पट्टा ठेवणं, एवढ्याने बहुतेक ईटीपी सुधारतात.

तुमच्या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा मी धरलेल्या १०० पेक्षा वेगळी असेल तर १.४१ चा आकडा बदलेल. ती आर अँड डी विभागाकडून घ्या आणि पाण्याच्या बॅचवर मोजलेला जॅकेटचा विलंब, दोन्ही ट्रान्समीटरची रेंज आणि डोझिंगच्या मध्याला आत असलेला साठा कळवा. एवढे चार आकडे आले की खालची आणि वरची मर्यादा तुमच्याच रिॲक्टरसाठी काढून देता येईल. तोवर गेन १ वर बॅच घेऊ नका. डोझिंगचा वेग कमी ठेवून, खालच्या तापमानाचा इंटरलॉक चालू करून, अनुभवी ऑपरेटरच्या हाती मॅन्युअलवर घ्या.